उलटीं अक्षरें

संक्रांतीला तीन आठवडे उरले कीं आमच्या घरांतील जेवणाचें टेबल आमच्या ताब्यांत येतें, आणि घरांतील मंडळींना पुढें पंधरा दिवस जमिनीवर पाट मांडून जेवावें लागतें. या व्यवस्थेबद्दल कोणी उघड तक्रार करीत नाहीं. पण वरणाची वाटी खालीं ठेवतांना तिचा जो आवाज होतो त्यावरून आम्हांला जें समजावयाचें तें समजतें. टेबलावर या काळांत काय नसतें? कागदांचे गठ्ठे, डिंकाची बाटली, रंगाच्या वड्या, कोरण्या, कात्र्या, शाईच्या गाद्या, कागद मोडण्याची हाडाची पट्टी, जुन्या धोतराच्या चिंध्या, आणि या सर्वांच्या मधोमध आमचा चष्मा, जो आम्ही सबंध घरभर शोधीत असतों. आम्ही संक्रांतीचीं भेटकार्डें करीत असतों. दरवर्षीं ४० कार्डें, प्रत्येकाच्या पोटांत हलव्याची एक लहानशी पुडी. हा हलवा डाकघराच्या शिक्क्याखालीं सांपडून पलीकडे बहुधा पिठाच्या रूपानें पोहोंचतो. पण पीठहि गोडच लागतें, अशी आम्ही आमची समजूत घालून घेतली आहे.

हा उद्योग कशासाठीं, असें आम्हांला पुष्कळ जण विचारतात. बाजारांत तयार कार्डें मिळतात. आतां तर बाजारापर्यंतहि जावें लागत नाहीं. दूरध्वनीच्या पडद्यावर बोट टेकलें कीं तिळगुळाचें चित्र एकाच वेळीं शंभर घरीं जाऊन पडतें. त्यांतलें एकच सुगड गेल्या संक्रांतीला सतरा निरनिराळ्या स्नेह्यांकडून आमच्याकडे आलें, आणि सतराहि वेळां आम्हीं हात जोडल्याचें चित्र उलट धाडलें. तयार शुभेच्छांचा हा प्रकार नवा मात्र नव्हे. आपल्या तारखात्यांत शुभेच्छांच्या ठराविक वाक्यांना क्रमांक दिलेले असत. नुसता क्रमांक लिहून दिला कीं पलीकडे सबंध वाक्य पोहोंचे. कोणा आप्तानें आंकडा चुकविल्यामुळें आमच्या एका मावसभावाला परीक्षा पास झाल्याबद्दल नवदांपत्यास द्यावयाचे आशीर्वाद मिळाले होते. २०१३ च्या जुलै महिन्यांत ती तारसेवाच बंद झाली, आणि अशा गमतीहि तिच्याबरोबर गेल्या.

खरें पाहतां छापील शुभेच्छापत्राचा जन्मच मुळीं वेळेच्या टंचाईंतून झालेला आहे. लंडनचे हेन्री कोल हे मोठे उद्योगी गृहस्थ होते. १८४० सालीं इंग्लंडांत एका पेनींत देशभर पत्र पोहोंचविण्याची जी व्यवस्था सुरू झाली तिच्या उभारणींत त्यांचाहि हात होता. आणि टपाल स्वस्त झाल्यामुळें नाताळांत उत्तरें मागणाऱ्या पत्रांचा ढीग अर्थात् त्यांच्याहि टेबलावर पडूं लागला. तेव्हां १८४३ सालीं त्यांनीं जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतलें, त्याच्या सुमारें हजार प्रती दगडी छापावर छापविल्या, आणि आपल्याला पुरून उरल्या त्या शिलिंगाला एक याप्रमाणें विकावयास काढल्या. चित्राच्या दोन बाजूंस गोरगरिबांना अन्न आणि वस्त्र दिलें जात आहे आणि मध्यें एक कुटुंब हातांत मद्याचे पेले घेऊन बसलें आहे. त्यांतल्या लहान मुलाच्या ओठांनाहि पेला लावलेला पाहून मद्यपाननिषेधक मंडळी खवळली. आम्हांला या कार्डाबद्दल प्रेम वाटतें तें निराळ्याच कारणासाठीं. तें छापलेलें होतें खरें, पण त्यावरचे रंग हातानें भरलेले होते. कोल साहेबांचा वेळ वांचावा म्हणून कोणी एक रंगारी तींच अंगरख्यांचीं टोकें पुन्हा पुन्हा रंगवीत बसला होता. शुभेच्छा देण्यास लागणारा वेळ नाहींसा करतां येत नाहीं. तो फार तर दुसऱ्याच्या अंगावर टाकतां येतो.

आम्हांला या विद्येची दीक्षा आमच्या दादांनीं दिली, आणि गुरूच्या हातांतलें शस्त्र होतें बटाटा. वाईच्या आमच्या घराच्या माडीवर हें शिक्षण झालें. बटाटा मधोमध चिरून कापलेली बाजू कांहीं वेळ फडक्यावर पालथी घालून ठेवावी लागते. तसें न केल्यास त्याच्या अंगचें पिठूळ पाणी रंगांत उतरतें आणि ठसा भुरकट उमटतो. मग चित्रापुरता भाग उंच ठेवावयाचा व भोंवतालचा गर कोरून टाकावयाचा. या ठशाचें आयुष्य एका दिवसाचें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो आक्रसून जातो, आणि काल ज्याला आपण सुगड म्हणत होतों त्याची सुरई झालेली असते. दादांना ठशाची कल्पना सुचली ती आजोबांच्या गोपीचंदनाच्या पितळी मुद्रांवरून. शंखचक्रांच्या त्या मुद्रा पूजेच्या वेळीं आजोबांच्या दंडावर उमटत, आणि ज्या गोष्टी एकदां दंडावर उमटतात त्या कागदावर कां उमटूं नयेत, असा दादांचा रास्त प्रश्न होता. मुद्रांना मात्र हात लावण्याची सोय नव्हती. रांगोळीच्या पत्र्याच्या छाप्यांना ती होती; त्यांच्या भोंकांतून फडक्याच्या बोळ्यानें रंग टिपून आम्हीं कार्डांच्या कोंपऱ्यांत कमळें काढलीं.

कार्डाची कड सरळ न ठेवतां नागमोडी करावी, अशी कल्पना पुढें निघाली आणि आईचें करंज्यांचें कातणें फडताळांतून माडीवर आलें. हल्ली ज्याला डाय-कट म्हणतात त्याची आमच्या घरांतील ही पहिली आवृत्ति. कातण्यानें कागद फार सुरेख कापला जातो. परंतु कागद कापलेल्या कातण्यानें करंजी नीट कापली जात नाहीं, हा शोध पुढच्या दिवाळींत आईनें लावला, आणि त्याचें श्रेय दादांनीं एकट्यानें घेतलें. पाठीवर दोन धपाटे पडले तेहि त्यांच्याच.

चित्रें दादा कोरीत. अक्षरें कोरण्याचें काम एके दुपारीं आमच्याकडे आलें. आम्ही तेव्हां आठ वर्षांचे होतों. 'गोड बोला' हीं चार अक्षरें एका भल्या मोठ्या बटाट्यावर आम्हीं मोठ्या निष्ठेनें, जशीं वाचावयाचीं तशींच, कोरलीं. कागदावर तीं उलटीं उमटलीं. आपली दाबण्यांत कांहीं चूक झाली असेल असें वाटून आम्हीं दुसरें कार्ड घेतलें. मग तिसरें. प्रत्येक वेळीं, आतां तरी सरळ उमटेल, या आशेनें पुढचें कार्ड घेत गेलों, आणि दादा शाळेंतून परत येईपर्यंत अशीं बारा कार्डें संपलीं. घरांत कागद मोजून आणला जात असे. आम्ही जिन्याखालीं जाऊन बसलों. दादांनीं बाराहि कार्डें पाहिलीं, आम्हांला जिन्याखालून बाहेर ओढलें, आणि दौत घेऊन प्रत्येक कार्डावर बारीक अक्षरांत लिहिलें : 'आरशांत पाहावें.' तीं कार्डें तशींच टपालांत पडलीं. पुढें सांगलीचे काका आले तेव्हां या युक्तीबद्दल त्यांनीं आमची पाठ थोपटली, आणि दादा शेजारीं उभे राहून अगदीं गंभीर चेहऱ्यानें मान डोलावीत होते.

आतां आमचीं साधनें सुधारलीं आहेत. बटाट्याची जागा लिनोलियमनें घेतली. लिनोलियम थंडींत फार ताठर असतें. कोरण्यापूर्वीं तें थोडा वेळ उन्हांत ठेवलें कीं कोरणी लोण्यांतून फिरावी तशी फिरते, फक्त आपली दुसऱ्या हाताचीं बोटें कोरणीच्या वाटेंत नसावींत. कागद आम्ही हातकागद घेतों. हा कागद करण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. जुन्नरचा कागद एके काळीं नांवाजलेला होता. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचें तर नांवच त्या धंद्यावरून पडलें. आणि १९४० सालीं पुण्यांत हातकागदाची संस्था निघाली तेव्हां या कलेला पुन्हा उजेड मिळाला. यंत्रावरच्या कागदाचे तंतु एका दिशेनें वळलेले असतात. त्या दिशेला आडवी घडी घातली कीं जाड कागद घडीवर फुटतो, आणि रंगविलेलें कार्ड म्हातारपणीं सुरकुतल्यासारखें दिसूं लागतें. हातकागदाचे तंतु सगळीकडे सारखे पसरलेले असतात. तो कसाहि मोडा, कुरकुर करीत नाहीं.

मुलीनें दोन वर्षांपूर्वीं आम्हांला आकार कापण्याचें एक लहानसें यंत्र आणून दिलें. पोलादी धारेचा सांचा कागदावर ठेवावयाचा, वर-खालीं जाड पट्ट्या घालावयाच्या आणि मूठ फिरवून तो सगळा थर दोन रुळांमधून काढावयाचा. उसाच्या चरकाची आठवण होते. पलीकडून तिळाचें फूल सबंध कापून बाहेर पडतें, आणि त्याची एकहि पाकळी दुसरीहून लहान नसते. आमचे कांहीं कलारसिक स्नेही या यंत्राकडे पाहून नाक मुरडतात. त्यांचे हात अजून स्थिर आहेत. ज्याचा हात कांपूं लागला आहे त्यानें यंत्राची निंदा करूं नये, असें आमचें मत आहे.

हलवा मात्र आम्ही अजून हातानेंच रंगवितों, आणि त्याची रीत आम्हांला स्वयंपाकघरांत सांपडली. हलव्याला काटा येतो तो मंद आंचेवर, पाक थोडा थोडा सोडीत, दाणे सारखे हलवीत. घाई केली कीं दाणा गुळगुळीत राहतो. रंगाचेंहि तसेंच आहे. दाट पांढऱ्या रंगाचा एक ठिपका काडीच्या टोंकानें ठेवावयाचा, तो पुरता वाळूं द्यावयाचा, त्यावर त्याहून बारीक दुसरा, मग तिसरा. ओल्यावर ओला ठेवला तर सगळें पसरून चुन्याचा डाग होतो. एका कार्डावर नऊ दाणे असतात. ४० कार्डांचे किती ठिपके होतात तो हिशेब वाचकांनीं करावा. आम्हीं हिशेब करणें ११ वर्षांपूर्वींच सोडलें आहे.

त्या हिशेबाबद्दल लिहावें कीं न लिहावें, असें बराच वेळ मनांत होतें. वडील गेल्यावर वाईच्या घराची वाटणी निघाली. बैठकींत चार परकीं माणसें होतीं. वडिलांच्या आजारपणांत तीन वर्षें दादांनींच सर्व पाहिलें होतें, आणि त्या तीन वर्षांच्या खर्चाचा हिशेब आम्हीं त्या चार माणसांसमक्ष मागितला. दादा कांहीं बोलले नाहींत. आंत जाऊन त्यांनीं एक वही आणली, आमच्या पुढें ठेवली, आणि वहाणा घालून ते घाटावर निघून गेले. वहींत औषधांच्या बाटल्यांपासून दुधापर्यंत सर्व टिपलेलें होतें. फक्त त्यांनीं स्वतःच्या पदरचें घातलेलें कोठेंहि टिपलेलें नव्हतें. तें आम्हांला पुढें वैद्यांच्या बोलण्यांतून कळलें. त्या दिवसापासून आमचें बोलणें बंद झालें. लग्नाकार्यांत भेटलों तर एकमेकांच्या मुलांशीं बोलत असूं.

आतां गंमत अशी कीं या ११ वर्षांत आम्हीं चाळिसांखेरीज एक्केचाळिसावें कार्ड दरवर्षीं केलें. पाकिटावर पत्ताहि लिहिला. परंतु टपालाच्या पेटीपाशीं गेलें कीं 'गोड बोला' हे शब्द आमच्याकडे पाहूं लागत. ज्या माणसाशीं आपण त्याच्या पाठच्या भावानें बोलूं नये तें बोललों, त्याला हा उपदेश कोणत्या तोंडानें करावयाचा? इतर ४० जणांना तो सहज करतां येई, कारण त्यांतल्या कोणालाहि त्याची गरज नव्हती. कार्ड परत खणांत येई. अशीं दहा कार्डें तेथें जमलीं होतीं.

गेल्या डिसेंबरांत लिनोलियमचा एक तुकडा उरला होता. त्यावर आम्हीं 'गोड बोला' सरळ कोरलें, म्हणजे तें कागदावर उलटें उमटावें. काम वाटलें होतें त्याहून अवघड निघालें. इतकीं वर्षें उलटीं अक्षरें कोरण्याची हाताला अशी संवय लागली आहे कीं सरळ ग काढतांना आम्हांला पहिलीच्या मुलाप्रमाणें पाटीवर गिरवावा लागला. ठसा उमटविला. सुगड काढलें, नऊ दाणे रंगविले, आणि खालीं दोन शब्द लिहिले. ते कोणते हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. सही केली नाहीं. या वेळीं पेटीपाशीं कोणी आमच्याकडे पाहिलें नाहीं, निदान सरळ पाहिलें नाहीं.

संक्रांत झाली, रथसप्तमी झाली. टेबल कधींच घरच्यांना परत मिळालें होतें. रथसप्तमीनंतर चार दिवसांनीं वाईचा शिक्का असलेलें एक साधें पोस्टकार्ड आलें. वर तारीख, मध्यें दोन ओळी, दादांच्या त्याच उभ्या अक्षरांत :

'कार्ड पोहोंचलें. हलवा फुटला होता, खाल्ला. आरशांत पाहिलें. बो ची मात्रा उलटी आहे.'

आम्हीं खणांतून तो ठसा काढला आणि खिडकीपाशीं उजेडांत धरला. गो ची मात्रा बरोबर होती. बो ची खरोखरच उलटी होती.