घर विकलं, पण झोपाळा कोणाचा?

आपल्या गावातली जुनी घरं एकेक करून विकली जातायत. मुलं पुण्या-मुंबईला, आई-वडील थकलेले किंवा गेलेले. भाव ठरवायला दहा बैठका होतात. पण घरातलं काय राहणार आणि काय जाणार, हा विषय कोणी काढत नाही. "एवढ्या-तेवढ्यासाठी कशाला विचारायचं, बरं दिसत नाही." मग त्या एवढ्या-तेवढ्यावरूनच प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत जातं.

बातमीच्या निमित्ताने असं एक प्रकरण जवळून पाहिलंय. खरेदीखत झालं, पैसे पोचले. घेणारा किल्ली घेऊन गेला तर आतल्या खोल्यांचे सागवानी दरवाजे गायब, नुसत्या चौकटी उभ्या. विकणाऱ्याचं म्हणणं, "मी घर विकलं, आजोबांनी करून घेतलेले दरवाजे नाही विकले." ठाण्यात सांगितलं, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. दोन्ही घरं याच गावातली. आज लग्नकार्यातही एकमेकांकडे बघत नाहीत.

कायदा याबाबत गप्प नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याच्या कलम ८ प्रमाणे घर विकलं की कुलपं, किल्ल्या, अडसर, दारं, खिडक्या आणि घरासोबत कायम वापरासाठी असलेल्या बाकीच्या वस्तूही घेणाऱ्याकडे जातात. पण हे कधी, तर दोघांत वेगळं काही ठरलेलं नसेल तेव्हा. म्हणजे वेगळं ठरवायची मोकळीक आहे. आणि खरी मेख 'कायम वापरासाठी' या शब्दांत आहे. खिडकीचं ठीक. पण गिझरचं काय? गच्चीवरची टाकी, एसी, इन्व्हर्टर, विहिरीवरची मोटर?

आपल्याकडच्या जुन्या दस्तांत एक ठरलेलं वाक्य असतं: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. ऐकायला भारदस्त. पुरलेलं धनसुद्धा त्यात आलं. भिंतीवरचा गिझर काही आला नाही.

आमचं घर विकायची वेळ आली तेव्हा दादा, ताई आणि मी आधी आपसातच बसलो. घेणाऱ्याशी बोलणं सोपं असतं, भावंडांशी अवघड. आईचं जातं ताईला हवं होतं, दादाला झोपाळा. झोपाळा दादाचा ठरला, पण त्याच्या कड्या तुळईत ठोकलेल्या. त्या उपटल्या तर लाकूड फुटणार, म्हणून कड्या घरालाच ठेवल्या. देव आम्ही नेले, भिंतीतलं देवघर राहिलं. तुळशीचं रोप ताईने कुंडीत लावून नेलं, वृंदावन जागेवर. परसातल्या आंब्याबद्दल बोलायला काही नव्हतंच, तो जमिनीत रुजलेला, जमिनीबरोबरच जाणार. दादा तरी म्हणालाच, "पहिल्या वर्षी एक पेटी तरी मागू या." ताईने त्याला गप्प केलं.

अडलं ते दारावरच्या पाटीवर. वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी, भिंतीत चांगली पक्की बसवलेली. काढावी तर फुटेल. ठेवावी तर दुसऱ्याच्या दारावर आपल्या बापाचं नाव. आम्ही तिघंही गप्प. यादी वाचताना घेणारे काकाच म्हणाले, "गवंडी मी लावतो, सावकाश काढून देतो. भिंतीचा गिलावा नाहीतरी मला करायचाच आहे." पाटी एक कोपराही न दुखावता निघाली. यादीच केली नसती तर हा विषय निघालाच नसता, आणि ताबा दिल्यावर ती राडारोड्यात गेली असती.

म्हणून व्यवहारात असणाऱ्यांना सांगतो. इसार घ्यायच्या-द्यायच्या आधी दोघांनी मिळून घरातून एक फेरी मारा. एका वहीवर तीन रकाने करा: घरासोबत राहणार, विकणारा नेणार, वेगळे पैसे देऊन ठेवून घेणार. प्रत्येक खोलीचे फोटो काढा. यादीवर दोघांच्या सह्या घ्या आणि ती साठेखताला परिशिष्ट म्हणून जोडायला सांगा. वीजमीटरची अनामत कोणाची, तेही त्यातच लिहा. घरपट्टी, पाणीपट्टी कोणत्या तारखेपर्यंत कोणी भरायची हेही लिहा. एरवी कायद्याने विक्रीच्या तारखेपर्यंतची सरकारी देणी विकणाऱ्याकडे असतात. ताबा देताना तीच यादी हातात धरून परत एकदा फिरा.

याला फार तर एक दुपार जाते. वकिलाची फी आणि कोर्टाच्या तारखा बघता ती फारच स्वस्त.

ओळखीत कोणाचा व्यवहार चालू असेल तर त्यांना हे वाचायला द्या. आणि तुमच्याकडे घर विकताना कशावर अडलं होतं, तेही खाली लिहा. दुसऱ्याच्या उपयोगी पडेल.