सावकाश चढणारे विष आणि शासनाची नजर

कोहका हा भिलाईचा एक भाग. पोलाद कारखान्याच्या आखीव वसाहतीबाहेर जे शहर हळूहळू वाढत गेले, त्यात तो मोडतो. आसपास अजूनही धानाची शेती आहे, आणि थंडीत सुपेल्याच्या बाजारात कोवळ्या तिवऱ्याच्या भाजीचे ढीग लागतात. छत्तीसगढी माणसाला ही भाजी फार प्रिय. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या आमच्या एका नातेवाइकांना तिवरा म्हणजेच आपल्याकडील लाख किंवा लाखोळी हे कळले, तेव्हा त्यांनी ताट थोडे दूर सारले. "ही तर लुळेपणा आणणारी डाळ! हिच्यावर बंदी नाही का?" असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते. आजचा लेख त्या उत्तराच्या निमित्ताने.

लाखेच्या दाण्यात एक विषारी अमिनो आम्ल असते. १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढून त्याची ओळख पटवली. संक्षेपाने त्यास ओडॅप म्हणतात. अधूनमधून वाटीभर डाळ खाणाऱ्यास त्याची बाधा सहसा होत नाही. परंतु दुसरे काही मिळतच नाही म्हणून दोन-तीन महिने वा अधिक काळ हीच डाळ मुख्य अन्न झाली, तर पाठीच्या कण्यातून पायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर परिणाम होतो, पाय ताठरतात आणि माणूस काठीच्या आधारावर येतो. हा विकार बरा होत नाही. मात्र बुद्धी शाबूत राहते आणि आयुष्यही फारसे घटत नाही. प्रशासकीय दृष्टीने हा तपशील फार महत्त्वाचा आहे. हा रोगी मरत नाही, म्हणून मृत्यूच्या नोंदवहीत त्याचे नाव येत नाही. साथीच्या रोगासारखा तो एका रात्रीत शंभरांना गाठत नाही, म्हणून तार, फोन वा तातडीची बैठक होत नाही. तो फक्त पुढची चाळीस वर्षे लंगडत राहतो.

या विकाराचे आपल्या देशातील एक जुने व नेमके वर्णन डॉक्टरने नव्हे, तर एका जिल्हा अधिकाऱ्याने केलेले आहे. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेल्या विल्यम स्लीमन यांनी १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत सागर परिसरातील एका गावाची हकिगत दिली आहे. १८२९ साली गारपिटीने गहू गेला, १८३० साली पावसाने दगा दिला, १८३१ साली रोगाने पीक बसले. तिन्ही वर्षे तगून राहिला तो गव्हात आपोआप उगवणारा तिवरा. लोकांनी त्यावरच दिवस काढले. आणि १८३३ पासून तिशीच्या आतली माणसे कंबरेखाली लुळी पडू लागली. पिकाचे वर्ष, आहार आणि रोग या तिन्हींची सांगड घालणारी ही नोंद आजही कोणत्याही नव्या अधिकाऱ्याने वाचावी अशी आहे.

हे दुर्दैव केवळ आपलेच नव्हे. नेपोलियनच्या सैन्याने वेढलेल्या स्पेनमधील भुकेल्या लोकांचे चित्र गोया याने काढले, त्यात लाखेच्या पिठाची लापशी आहे. दुसऱ्या महायुद्धात व्हाप्नियार्का येथील छळछावणीत ज्यू बंद्यांना हेच धान्य दिले गेले आणि शेकडो लोक पंगू झाले. जेथे जेथे ही साथ दिसते, तेथे तेथे तिच्या मागे दुष्काळ, युद्ध किंवा गुलामी असते. आपल्या रीवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हेच धान्य मिळत असे. विष दाण्यात होते हे खरे. पण ते माणसाच्या शरीरात पोहोचवण्याचे काम मजुरीच्या व्यवहाराने केले.

स्वातंत्र्यानंतर शासनाने काय केले? १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत नवा नियम घालून लाखेच्या विक्रीवर बंदी आणली. परंतु ती कोणत्या तारखेपासून लागू करायची, हे राज्यांवर सोपवले. जेथे हे पीक सर्वाधिक, त्या तेव्हाच्या मध्य प्रदेशाने, बिहारने आणि पश्चिम बंगालने ती दीर्घकाळ लागूच केली नाही. त्यास केवळ अनास्था म्हणणे अन्यायाचे होईल. धान कापण्यापूर्वी उभ्या पिकातच, जमिनीतील ओलीवर लाख फेकून पेरतात. येथे या पद्धतीला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याचे हे जवळपास फुकटचे दुसरे पीक. त्याला दुसरा पर्याय न देता ते बंद करा म्हणणारा कायदा कागदावर राहणार, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल.

मग लुळेपणाचे रुग्ण कमी का झाले? माझ्या मते त्याचे श्रेय बंदीपेक्षा इतर गोष्टींना अधिक आहे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बेकायदा ठरली, सिंचन वाढले, मजुरी पैशांत मिळू लागली. छत्तीसगढमध्ये २००७ पासून तीन रुपये किलोने आणि पुढे त्याहूनही स्वस्त तांदूळ शिधापत्रिकेवर मिळू लागला. ताटात दुसरे अन्न आले आणि लाख मुख्य अन्नाची पुन्हा तोंडीलावणे झाली. दुसरीकडे कृषिशास्त्रज्ञांनी कमी विषाचे वाण काढले. रतन, प्रतीक आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाचा महातिवरा यांत ओडॅपचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत असते. २०१६ च्या सुरुवातीला या वाणांबाबत तज्ज्ञ समितीने अनुकूल मत दिल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा मोठा वाद झाला. शंका घेणाऱ्यांचा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही: बाजारातील पोत्यात कोणता वाण आहे हे ग्राहकाला कसे कळणार? बेसनात लाखेचे पीठ मिसळण्याची खोड तर जुनीच आहे.

आमच्या पाहुण्यांना मी इतकेच सांगितले की, डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकले तर विषाचा बराच अंश जातो. आणि थंडीत दोन-चार वेळा भाजी खाऊन कोणी पंगू होत नाही. त्यांनी भाजी खाल्ली. पण त्यानंतर त्यांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली, तेव्हा मला हसू आवरले नाही.

भीतीचा आणि धोक्याचा हिशेब आपण असा चुकवतो. अनोळखी विषाला आपण घाबरतो. ओळखीचे विष घरचे वाटते. छत्तीसगढमध्ये गुडाखू नावाचा पदार्थ घरोघरी आढळतो. तंबाखू आणि गूळ यांचे हे काळे लगदेवजा मिश्रण बोटाने दातांना व हिरड्यांना चोळतात, दिवसातून अनेकदा. आपल्याकडील मिश्रीची ही सख्खी बहीण. साताऱ्याकडील माझ्या आजोळी आजी तव्यावर तंबाखू भाजू लागली की घरभर ठसका उठे. आणि तरीही कोणी त्यास व्यसन म्हणत नसे. पुरुषाची विडी हे व्यसन, बाईची मिश्री म्हणजे दात घासणे.

या 'दात घासण्या'चा हिशेब मुंबईत झाला आहे. गुप्ता आणि सुब्रमणी यांनी १,२१७ गर्भवती स्त्रियांची पाहणी केली. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांत मिश्रीवाल्याच बहुसंख्य होत्या. त्यांच्या बाळांचे वजन इतर बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅम कमी भरले. हा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. शंभर ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाणे, असे वाटेल. पण अशक्त मातेच्या अडीच किलोच्या उंबरठ्यावरील बाळाला तेवढेच पुष्कळ होते. तोंडाचा कर्करोग हा तर पुढचा अध्याय.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची सून गरोदर होती. सून गुडाखू घासते हे कळल्यावर माझ्या पत्नीने तिला बसवून हे सारे समजावले. सासूबाईंनी शांतपणे ऐकले आणि माझ्याकडे वळून विचारले, "साहब, अतेक खराब हे, त सरकार बेचन काबर देथे?" इतके वाईट आहे, तर सरकार विकू का देते?

तीस वर्षांच्या नोकरीत मला विचारल्या गेलेल्या कठीण प्रश्नांपैकी हा एक. १९९२ साली केंद्राने दंतमंजनात तंबाखू वापरण्यास मनाई केली. पण डबीवर 'दंतमंजन' न लिहिता 'तंबाखू' लिहिले की ती मनाई लागत नाही. २०१२ साली अनेक राज्यांनी गुटखा बंद केला, तो तंबाखू हे अन्नात घालता येणार नाही या नियमाच्या आधारे. गुडाखू अन्नही नाही आणि मंजनही नाही. दोन नियमांच्या मधल्या फटीत ती सुखाने नांदते. तरी चित्र अगदीच निराशाजनक नाही. राष्ट्रीय पाहणीनुसार छत्तीसगढमध्ये तंबाखू घेणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९-१० मध्ये ५३.२ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये ३९.१ टक्क्यांवर आले. तरीही दर पाचांत दोघे.

शासन सावकाश चढणाऱ्या विषाला रोखूच शकत नाही, असेही नाही. शिशाचे उदाहरण पाहा. पेट्रोलमधील शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक. शरीर त्यास कॅल्शियम समजून हाडांत साठवते आणि ते तेथे दशकानुदशके राहते. १ फेब्रुवारी २००० पासून साऱ्या देशात शिसेविरहित पेट्रोल आले आणि त्याविषयी आज कोणाला आठवणही नाही. यशस्वी प्रशासनाची हीच खूण. हे साधले, कारण तेल शुद्धीकरण कारखाने मोजके होते. नळ एका जागी बंद करता आला. घरगुती रंगातील शिशावर २०१६ च्या नियमांनी दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा घातली. तेथे मोठे कारखानदार सापडतात, गल्लीतले निसटतात. आणि हळद अधिक पिवळी दिसावी म्हणून तीत लेड क्रोमेट मिसळणारा तर कोणत्याच यादीत नसतो. युनिसेफच्या २०२० च्या अहवालाने भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे असल्याचा अंदाज दिला, तो या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे.

यातून मला दिसते ते असे. उगम मोजके असतील तेथे बंदी चालते. उगम असंख्य असतील तेथे तपासणी, स्वस्त पर्याय आणि माहिती यांवाचून गत्यंतर नाही. गरिबाचे पीक बंद करण्यापूर्वी त्याच्या ताटात दुसरे काही आहे का, हे पाहावे लागते. आणि सर्वांत आधी मोजावे लागते. जिल्ह्यात काठीवर चालणारे किती, कमी वजनाची बाळे किती, मुलांच्या रक्तातील शिसे किती, हे जो मोजत नाही त्याला ते दिसत नाही. स्लीमनकडे प्रयोगशाळा नव्हती; लोकांना विचारून वर्षे जुळवण्याची सवय होती.

घराबाहेर, परमुलखात राहणाऱ्या आपणा मराठी माणसांसाठी घरापुरते सांगायचे तर: हळद शक्यतो अख्खी हळकुंडे घेऊन कुटावी, सुट्या बेसनाऐवजी चण्याची डाळ दळून आणावी, जुन्या रंगाचे पोपडे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, आणि तव्यावर भाजलेल्या तंबाखूला मंजन म्हणणे सोडावे.

त्या बाईंना मी उत्तर दिले ते माझ्या मोडक्यातोडक्या छत्तीसगढीत. सरकारला सगळे एका दिवसात बंद करता येत नाही. पण तुमच्या घरात काय चालते ते ठरवायला सरकारची वाट पाहावी लागत नाही. उत्तर खरे होते, तरी अपुरे होते, आणि हे त्यांनाही कळले. सुनेने पुढे गुडाखू पुष्कळ कमी केली, पूर्ण सोडली नाही, असे पत्नीकडून समजले. नात झाली. सरकारी दवाखान्यात वजन भरले दोन किलो सहाशे.