दोन पात्या, एक प्रवास

गेल्या दिवाळीपासून आमच्या जेवणाच्या टेबलावर युरोपचा एक मोठा नकाशा पसरलेला आहे. त्याच्या कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवाव्या लागतात, आणि ताटे मांडायची वेळ झाली की सौ. आधी इंग्लंड आणि मग बेल्जियम गुंडाळून बाजूला ठेवते. लेस्टरला स्थायिक झालेले माझे थोरले बंधू, दादा, यांच्या मोटारीतून आम्ही चौघांनी येत्या जूनमध्ये इंग्लिश खाडी ओलांडून बेल्जियमला जायचे, असा बेत चालला आहे. दादांचे वय ७९, माझे ७४. या वयात लोक चारधामाचे बेत करतात, हे शेजारच्या काकूंनी ऐकवून झाले आहे.

बेल्जियम म्हटले की ऐकणारा ब्रुसेल्स किंवा वॉटर्लूचे नाव घेतो. आम्हांला मात्र जायचे आहे ते बार्ले-हेर्टोख नावाच्या एका लहानशा गावी. हे गाव बेल्जियमचे खरे, पण ते वसले आहे नेदरलँड्सच्या पोटात, तेही सलग नव्हे. त्याचे २२ तुकडे डच भूमीत विखुरलेले असून त्यांतल्या काहींच्या पोटात पुन्हा डच तुकडे आहेत. मध्ययुगातील सरंजामदारांच्या जमिनीच्या वाटण्यांतून हा गुंता निर्माण झाला, आणि सीमेची शेवटची निश्चिती व्हायला १९९५ साल उजाडले. रस्त्याच्या फरशीवर पांढऱ्या फुल्यांची रांग काढून एका बाजूला ‘बी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘एनएल’ अशी अक्षरे घातलेली आहेत. घर कोणत्या देशाचे, हे त्याच्या पुढल्या दाराच्या जागेवरून ठरते. एका घराच्या तर दारातूनच सीमा जाते, म्हणून त्याला दोन घरक्रमांक आहेत. दोन महापौर, दोन नगरपालिका, आणि बाजार मात्र एकच.

देवासच्या जुन्या माणसाला हे वर्णन ऐकून नवल वाटणार नाही. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोघा पवार बंधूंनी अठराव्या शतकात येथे आपले बस्तान बसवले. पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली. दोघांनाही १५ तोफांची सलामी, दोन दरबार, दोन कचेऱ्या. मुख्य रस्त्याच्या मधून हद्द गेलेली, एक बाजू थोरल्यांची, दुसरी धाकट्यांची. इ. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून काही महिने येथे राहिला, आणि १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकातून त्याने हे दुहेरी गाव जगापुढे मांडले. टेकडीवरच्या देवीसुद्धा दोन, बडी माता आणि छोटी माता. आमचे आजोबा धाकट्या पातीच्या कचेरीत कारकून होते. उधारी थकलेला माणूस सावकार दिसताच रस्ता ओलांडून ‘परदेशी’ कसा जाई, हे ते साभिनय सांगत. सौ.चे माहेर धारचे. धारला गादी एकच, त्यामुळे ती अजूनही म्हणते, “तुमच्याकडे भाजी आणायला जायचे तरी दोन दरबारांची परवानगी लागत असेल!” १९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या आणि रस्त्यावरची ती हद्द पुसली गेली.

आमच्या घरातली हद्द मात्र त्यानंतरची. २००१ साली वडील गेले. दोन वर्षांनी वाड्याची वाटणी झाली. दादांना त्यांचा हिस्सा विकायचा होता, मला वाडा अखंड हवा होता. दोघांच्याही बाजूने बोलण्यासारखे बरेच होते, आणि आम्ही ते सारे बोललो, न बोलण्यासारखेही बोललो. अखेर चौकाच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. विहीर माझ्याकडे आली, तुळशीवृंदावन त्यांच्याकडे गेले. त्यांचा भाग विकला गेला नाही, पण त्याला लागलेले कुलूपही निघाले नाही. पुढची सतरा वर्षे लग्नकार्याच्या पत्रिकांपलीकडे आमच्यात एक अक्षर गेले नाही.

२०२० च्या वसंतात सारे जग दारे लावून बसले असताना एके रात्री माझ्या मोबाईलवर दादांकडून एक छायाचित्र आले. बार्ले गावातले एक कपड्यांचे दुकान होते ते. सीमा दुकानाच्या मधून जाणारी. बेल्जियमच्या आज्ञेने दुकानाचा अर्धा भाग बंद, आणि डच बाजूचा अर्धा भाग चालू. मध्ये नुसती एक फीत ओढलेली. खाली दादांनी एवढेच लिहिले होते : “आपले देवास.” मी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिलो. मग लिहिले, “विहिरीला यंदा पाणी चांगले आहे.” त्यांनी विचारले नव्हते, पण दुसरे काही सुचले नाही.

तेव्हापासून आम्ही बोलतो. वाड्याविषयी नाही, प्रवासाविषयी. आणि प्रवासाविषयी बोलण्यासारखे इतके असते, हे मला ठाऊक नव्हते.

पहिला प्रश्न पारपत्रांचा. दादा-वहिनी ब्रिटिश नागरिक, आम्ही दोघे भारतीय. आम्हांला इंग्लंडचा व्हिसा असा हवा की बाहेर पडून पुन्हा आत येता यावे. शिवाय शेंगेन व्हिसा वेगळा. त्यासाठी निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. एके काळी दादा नुसते पारपत्र दाखवून पलीकडे जात. २०२० साली ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, आणि आता त्यांनाही १८० दिवसांत ९० दिवसांचीच मुभा. २०२५ च्या ऑक्टोबरपासून ब्रिटिशांच्या बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. “आता मीही तुझ्याच रांगेत,” असे दादा म्हणाले, त्यात खेद किती आणि समाधान किती ते मला कळले नाही.

दुसरा वाद खाडी कशी ओलांडायची याचा. फोकस्टनला मोटार थेट आगगाडीत चढवता येते. मोटारीतच बसून राहायचे आणि ३५ मिनिटांत फ्रान्समध्ये उतरायचे. १९९४ साली खुला झालेला हा बोगदा सुमारे ५० किलोमीटर लांब आहे, आणि त्यातले ३८ किलोमीटर समुद्रतळाखाली. मला त्याचे आकर्षण वाटले. दादांचे म्हणणे, पाणी दिसल्याशिवाय पाणी ओलांडले असे म्हणू नये. त्यांना डोव्हरहून बोट हवी, दीड तासाची. तीन रविवार हा वाद चालला, आणि शेवटी जाताना बोट, येताना बोगदा असा तह झाला. वाटणीच्या वेळी असा तह आम्हां दोघांनाही सुचला नव्हता. मौज अशी की दोन्ही मार्गांवर फ्रेंच अधिकारी इंग्लंडच्याच भूमीवर पारपत्रे तपासतात. परराज्याची चौकी आपल्या अंगणात, हे दृश्यही देवासकराला परके नाही.

कॅलेहून पुढे डंकर्क, ब्रूज, गेंट, अँटवर्प आणि तेथून बार्ले, असे सुमारे २७० किलोमीटर अंतर भरते. दादांनी सूचनांची यादी धाडली आहे. घड्याळ एक तास पुढे करणे. मोटार उजवीकडून हाकणे. समोरच्याच्या डोळ्यांवर झोत पडू नये म्हणून दिव्यांची सोय करणे. मागे ‘यूके’ अशी खूण लावणे, २०२१ पासून जुनी ‘जीबी’ चालत नाही. धोक्याचा त्रिकोण आणि चकाकणारी जाकिटे बरोबर ठेवणे. अँटवर्प शहरात शिरायचे तर प्रदूषणनियमांसाठी मोटारीची आधी नोंदणी करणे. आणि लाल शाईने अधोरेखित केलेले : बेल्जियममध्ये उलट खूण नसेल तेथे उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यावी लागते, तो गल्लीतून आला तरी.

पाट्यांचाही एक धडा आहे. बेल्जियमही मुळात दोन पात्यांचाच देश, उत्तरेस डच, दक्षिणेस फ्रेंच. १९६०च्या दशकात त्यांची भाषासीमा कायद्याने आखली गेली. उत्तरेकडच्या रस्त्यावर फ्रान्सच्या लील शहराची पाटी शोधणारा चुकतो, कारण तेथे त्याचे नाव ‘रायसेल’ असे लिहितात. लुव्हेनच्या जुन्या विद्यापीठाची भाषेवरून १९६८ नंतर दोन शकले झाली, तेव्हा ग्रंथालयही वाटले गेले. सम क्रमांकाचे ग्रंथ एकाकडे, विषम दुसऱ्याकडे. हे वाचून मी फोनवर हसलो. दादा हसले नाहीत. वडिलांची ज्ञानकोशाची आणि बखरींची कपाटे आम्हीही अशीच वाटली होती. काही ग्रंथांचा पहिला भाग माझ्याकडे आहे, दुसरा त्या कुलपाआड. थोड्या वेळाने ते म्हणाले, “वाळवी लागली असेल का रे?” सतरा वर्षांचा अबोला आणि नंतरची ही पाच-सहा वर्षे मिळून वाड्याविषयी त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हणालो, “उघडल्याशिवाय कसे कळणार?”

जूनचीच घाई का, हेही सांगितले पाहिजे. इंग्लंडमध्ये सत्तरीनंतर वाहन चालवण्याचा परवाना दर तीन वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो, आणि आपण चालवण्यास समर्थ आहोत हे स्वतःच लिहून द्यावे लागते. वीस मीटरवरून मोटारीचा क्रमांक वाचता आला पाहिजे. दादांच्या परवान्याची मुदत सप्टेंबरात संपते. वहिनींनी मला हळूच सांगितले, ते हल्ली संध्याकाळनंतर मोटार बाहेर काढत नाहीत, आणि पुन्हा अर्ज करायचा नाही असे त्यांनी ठरवले आहे. म्हणून यादीत सकाळची बोट आहे, दिवसाला दोनशे किलोमीटरांची मर्यादा आहे, गेंटला मुक्काम आहे, आणि विम्यात पुतण्याचे नाव दुसरा चालक म्हणून घातले आहे. ते नाव घालताना त्यांना काय वाटले असेल, हे मी विचारले नाही.

यादीच्या शेवटी त्यांनी ‘परतीचा प्रवास’ असे लिहून पुढे जागा कोरी सोडली होती. मी ती भरून पाठवली आहे. बार्लेहून लेस्टर आणि पावसाळा ओसरला की विमानाने चौघेही मुंबई. तेथून आग्रा रस्त्याने नाशिक, धुळे, सेंधवा. खलघाटला नर्मदेचा पूल ओलांडला की धार जिल्हा, तेथे सौ.च्या माहेरी एक मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी देवास. या रस्त्यावर डावीकडूनच जायचे असते, तेव्हा मोटार मी चालवीन.

परवा गवंड्याला बोलावून चौकातली भिंत दाखवली. तो म्हणाला, विटा पक्क्या आहेत, पण वर लिंटेल टाकून दार पाडता येईल. मी त्याला थांबायला सांगितले आहे. भिंत दोघांची आहे, आणि दुसऱ्या बाजूचे माप दादा आल्यावरच घेता येईल.