दुखणं केबलमध्ये असतं!

दोष केबलचा निघाला! दांड्याचा नाही, इंजिनाचा तर मुळीच नाही! बोटीच्या कडेकडेने, फळ्यांच्या आडून जाणारी ती काळी केबल आहे ना, तिचा! हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलेय आणि आता तुम्ही सापडलात! मी मेकॅनिक नाही बरं का. आउटबोर्ड इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. पण ही एक गोष्ट इतकी सोपी आहे! इतकी सोपी!

मालवणला मामाची बोट आहे, पर्यटकांना फिरवणारी. पावसाळाभर ती वर ओढून ठेवलेली असते. यंदा पाण्यात उतरवली आणि थ्रॉटलचा दांडा हलेना! जोर लावला की अडायचा, अडायचा आणि मग एकदम सुटायचा, आणि बोट उसळी घ्यायची! माणसं उतरवताना हे किती धोक्याचं! शेवटी मिस्त्री आले. मला म्हणाले, “बाय, एकेक टोक सोडवत जा. दुखणा खंय आसा ता आपसूक कळतला.”

चला, तुम्हीही चढा बोटीत! इंजिन बंद, किल्ली खिशात.

आधी दांड्याच्या बुडाशी पाहा. पुष्कळ कंट्रोल बॉक्सना तिथे एक बटण असतं. दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून ते दाबलं की गिअर बाजूला राहतो आणि दांडा फक्त थ्रॉटल हलवतो! एवढंसं बटण! दाबलं, तरी दांडा घट्टच. म्हणजे संशय थ्रॉटलच्या बाजूवर! (इंजिन बंद असताना गिअर टाकायला जड जातोच, कारण आतले दाते जुळलेले नसतात. कुणीतरी पंखा हाताने हळूच फिरवला की पडतो. हेही मला नवंच!)

आणि मग मिस्त्रींनी इंजिनाचं झाकण काढलं आणि केबलच्या टोकाची पिन ओढली आणि मग मला म्हणाले, लाव हात, आणि मी इंजिनावरचा थ्रॉटलचा छोटा दांडा करंगळीने ढकलला आणि तो हलला! आणि स्प्रिंगने टक्कन मागे आला! करंगळीने! इंजिन निर्दोष!

मग कंट्रोल बॉक्स. त्यात एक घर्षणाचा स्क्रू असतो, हादऱ्यांनी दांडा आपोआप मागे सरकू नये म्हणून. कधी कधी तोच कुणीतरी जास्त आवळलेला असतो आणि तो सैल केला की काम संपलं! आमचं नाही संपलं. मग तिथलंही टोक सोडवलं आणि दांडा असा अलगद मागेपुढे झाला म्हणून सांगू! उरली कोण? केबल!

जुनी केबल मिस्त्रींनी करवतीने कापून दाखवली. बघा तरी! वर काळं प्लास्टिक, त्याखाली पोलादी तारांचं वेटोळं, त्याच्या आत गुळगुळीत प्लास्टिकची नळी आणि नळीत मधली तार. सायकलच्या ब्रेकची तार नुसती ओढते, परत न्यायला स्प्रिंग लागते. ही तार ढकलतेसुद्धा! काही मीटर लांब, एवढी बारीक, तरी वाकत नाही, कारण नळीत तिला वाकायला जागाच नाही! आणि जागा नाही म्हणूनच ती अडकते! इंजिनाजवळ, बोट वळवताना जिथे केबल सारखी वाकते, तिथे वरचं प्लास्टिक तडकलं होतं. खारं पाणी आत गेलं, लोखंड गंजलं, आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. झालं, तार आवळली गेली!

मामा म्हणाला, तेल सोडू या. मिस्त्रींनी मान हलवली. तेलाने चार दिवस बरं वाटतं, पण गंज आतच राहतो. आणि अशी केबल भर समुद्रात अडकली तर वेग कमीच करता येत नाही! मला एकदम पटलं. नवीच घातली, आणि गिअरचीसुद्धा, कारण तिनेही तितकेच पावसाळे आणि तितकंच मीठ खाल्लंय. लांबी जुन्या केबलवरच छापलेली असते! वळणं मोठी आणि सैल ठेवायची, कुठेही मोड नको. टोकांना आणि सांध्यांना मरीन ग्रीस. मग टोकाची पितळी गुंडी फिरवत फिरवत असं जुळवायचं की दांडा न्यूट्रलला असताना इंजिनावरचा छोटा दांडा पार खाली, मंद वेगाच्या खुंटीला टेकलेला असेल. मिस्त्री अर्धा फेरा फिरवायचे, पाहायचे, पुन्हा अर्धा फेरा. मी श्वास रोखून!

आणि मग बोट दोराने बांधलेलीच ठेवून इंजिन सुरू केलं. पुढे, न्यूट्रल, मागे. दोन बोटांनी! मामाने दांडा माझ्या हातात दिला आणि मी उगाचच कितीदा तरी पुढेमागे केला!

आता मामा म्हणतो स्टिअरिंगही जरा जड लागतंय. आणि माहितीय? तिथेही केबलच आहे! उद्या सकाळी तिचं टोक सोडवायचंय. येताय ना?