दादीचे डोळे

आमच्या घरी आपाच्या लग्नाचा अल्बम आहे. लग्न १९९२ सालचे. तेव्हा मी दहावीत होते. त्या अल्बममधल्या चौदा फोटोंत दादी आहे आणि चौदाही फोटोंत दादीचे डोळे मिटलेले आहेत.

ते फोटो मीच काढले होते. लग्नासाठी ठरवलेला फोटोग्राफर मांडवात, पुरुषांच्या बाजूला होता. बायकांच्या बैठकीत बाहेरच्या माणसाला बोलावण्याची आमच्याकडे रीत नव्हती. म्हणून शेजारच्यांचा एक छोटा प्लॅस्टिकचा कॅमेरा मागून आणला आणि तो माझ्या हाती दिला. त्याला फ्लॅश होता. “फक्त बटण दाब,” एवढेच मला शिकवले गेले. मी संध्याकाळभर बटण दाबत राहिले.

फोटो धुऊन आले तेव्हा सगळे घर भोवती जमले. पुढच्या रांगेतले चेहरे पिठासारखे पांढरे दिसत होते. मागे बसलेल्या खाला, मामी, शेजारणी काळोखात बुडाल्या होत्या. अंगणात लावलेल्या दिव्यांच्या माळा तर कुठेच नव्हत्या. आणि दादी! तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. ती जाड भिंगांचा चष्मा लावत असे. लख्ख प्रकाश तिला सहन होत नसे. काही फोटोंत तिच्या चष्म्याच्या काचेवर फ्लॅशचा पांढरा ठिपका होता. बाकीच्या फोटोंत पापण्या घट्ट मिटलेल्या होत्या.

“वीज चमकली की डोळे आपोआप मिटतात, बेटा. तुझा काही दोष नाही,” दादी म्हणाली. पण तिने अल्बम पुन्हा मागितला नाही, हे माझ्या लक्षात राहिले.

आम्ही तेव्हा गंज पेठेत राहत होतो. महात्मा फुले यांच्या वाड्यापासून आमचे घर फार लांब नव्हते. घर जुने, मधे छोटासा चौक, चौकाभोवती लाकडी खांब. अब्बांचे बाइंडिंगचे दुकान होते. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकवाल्यांची कामे त्यांच्याकडे येत.

१९९५ साली फूफीचे लग्न ठरले. फूफी म्हणजे दादीची सर्वांत धाकटी मुलगी. मेहंदीचा कार्यक्रम आमच्या चौकातच, रात्री होणार होता. या वेळी दादीचा डोळे उघडे असलेला एक तरी फोटो काढायचा, असे मी मनाशी ठरवले. मी कॉलेजात शिकत होते आणि तीन मुलांच्या शिकवण्या घेत होते. माझ्याजवळ अठराशे रुपये साठले होते. मी अब्बांना म्हटले, “मला कॅमेरा घ्यायचा आहे.” ते म्हणाले, “घे. पैसे तुझे आहेत. फसलीस तर ते शिकणंही तुझंच.”

आम्ही प्रथम कॅम्पातल्या एका दुकानात गेलो. विक्रेत्याने काचेच्या कपाटातून एक चकचकीत नवा कॅमेरा काढला. “यात सगळं आपोआप होतं. फोटोवर तारीखसुद्धा छापली जाते. एक वर्षाची गॅरंटी,” तो उत्साहाने सांगू लागला. किंमत सतराशे रुपये. मी विचारले, “फ्लॅश बंद ठेवून रात्री घरात फोटो येईल का?” त्याने माझ्याकडे पाहिले, मग अब्बांकडे पाहिले आणि तो हसला. “रात्री? फ्लॅशशिवाय? मग कॅमेरा कशाला घेता?”

पुढच्या रविवारी अब्बा मला जुन्या बाजारात घेऊन गेले. मंगळवार पेठेतला हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. नट-बोल्ट, कुलपे, घड्याळे, पितळी भांडी अशा पसाऱ्यात चार-पाच कॅमेरेही मांडलेले होते. एक क्लिक-थ्री होता. त्यात एका रोलवर बाराच फोटो निघत, हे मला ठाऊक होते. दुसऱ्या एका कॅमेऱ्याचे भिंग अब्बांनी उन्हाकडे धरले, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काहीतरी दिसले. “ही बुरशी आहे. पावसाळ्यात पुस्तकांना लागते तशीच,” अब्बा म्हणाले. आम्ही रिकाम्या हातांनी परतलो.

अखेर अब्बांच्या एका गिऱ्हाइकाने नाना पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्यांचे नाव सुचवले. त्यांचे दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणत असू. मी त्यांना अल्बममधले दोन फोटो दाखवले. ते पाहून काका हसले नाहीत. त्यांनी विचारले, “आजी कुठे बसणार? दिवा किती वॉटचा? दिव्यापासून किती लांब?” कॅमेऱ्याची किंमत किती द्याल, हे त्यांनी सर्वांत शेवटी विचारले.

मग त्यांनी मला चेहरे पांढरे का झाले ते समजावले. फ्लॅशचा प्रकाश जसजसा पुढे जातो तसतसा पसरत जातो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा उरत नाही, एक चतुर्थांश उरतो. तिप्पट अंतरावर एक नवमांश. म्हणून पुढची रांग भाजून निघते आणि मागची उपाशी राहते. (हे ‘भाजून निघते, उपाशी राहते’ काकांचेच शब्द.)

“आता या भिंगाच्या कडेवरचा आकडा वाच,” असे म्हणून त्यांनी एक साधा कॅमेरा पुढे केला. त्यावर १:३.८ असे लिहिले होते. दुसरा कॅमेरा जुना, धातूचा, हाताला चांगलाच जड होता. त्यावर १:१.७ असा आकडा होता.

“पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी जास्त कशात साठेल?”

“परातीत.”

“मग यातली परात कोणती?”

मी अर्थातच ३.८ वर बोट ठेवले. काकांनी मान हलवली. येथे आकडा लहान असेल तर भिंगाचे तोंड मोठे असते. भिंगाचे केंद्रांतर भागिले तोंडाचा व्यास, असा तो आकडा निघतो. त्या जुन्या कॅमेऱ्याचे केंद्रांतर ४५ मिलिमीटर होते. त्याला १.७ ने भागले की साधारण २६ मिलिमीटर रुंदीचे तोंड येते. कागदावर मी आणखी एक गणित केले. ३.८ ला १.७ ने भागले आणि उत्तराचा वर्ग केला. उत्तर आले पाच. म्हणजे त्याच दिव्याखाली, तेवढ्याच वेळात, जुना कॅमेरा पाचपट प्रकाश आत घेणार होता. शाळेत वर्ग आणि वर्गमूळ शिकताना याचा उपयोग काय, असे मी एकदा बाईंना विचारले होते, ते आठवले.

तो कॅमेरा याशिका कंपनीचा ‘इलेक्ट्रो ३५’ होता. जपानमध्ये तो १९६६ साली बाजारात आला. म्हणजे तो माझ्यापेक्षा वयाने मोठा होता. त्याचे दोषही काकांनी लपवले नाहीत. त्याला स्वतःचा फ्लॅश नव्हता. झूम नव्हते. त्याची मूळची पाऱ्याची बॅटरी मिळेनाशी झाली होती. काकांनी लहान सेल आणि एक स्प्रिंग घालून काम भागवले होते. डोळा लावून पाहिले की मधोमध एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसत. कडे फिरवून त्या एकावर एक आणायच्या, तेव्हा फोटो स्पष्ट येई. आणि भिंगाचे तोंड पूर्ण उघडे असले की नाक स्पष्ट आणि कान धूसर, अशी गंमत होई. अंतर जरा चुकले की फोटो वाया. किंमत साडेतेराशे रुपये.

मी दोन रात्री विचार करत होते. एकीकडे नवी वस्तू, गॅरंटी, तारीख छापणारे यंत्र. दुसरीकडे एकोणतीस वर्षांचा कॅमेरा आणि जिन्याखालचे दुकान. पैसे परत साठवायचे तर आणखी वर्ष जाणार. लग्न मात्र दीड महिन्यावर आले होते. तिसऱ्या दिवशी मी काकांना माझी शंका सांगितली. ते म्हणाले, “अनामत ठेव. एक रोल घाल. तुझ्या घरात, तुझ्या दिव्याखाली फोटो काढून बघ. नाही पटलं तर परत आण.”

मी ४०० एएसएचा रोल आणला. १०० च्या रोलपेक्षा तो महाग होता, पण प्रकाशाला चौपट जास्त संवेदनशील. रात्री जेवणे झाल्यावर चौकात साठ वॉटच्या दिव्याखाली अम्मीला, भावाला, मांजराला बसवून फोटो काढले. प्रत्येक फोटोची नोंद वहीत केली. या कॅमेऱ्यात एक नारिंगी दिवा होता. उजेड अपुरा असला आणि झडप सेकंदाच्या तिसाव्या भागापेक्षा जास्त वेळ उघडी राहणार असली की तो पेटे. त्याचा अर्थ, ‘तुझा हात हलेल, सांभाळ.’

हात हललाच. छत्तीसपैकी एकोणीस फोटो हललेले होते. मांजर तर एकाही फोटोत धड नव्हते. शिवाय बल्बच्या प्रकाशात सगळ्यांचे चेहरे हळद लावल्यासारखे पिवळे आले. पण उरलेल्या फोटोंत चौक चौकासारखा दिसत होता. खांब होते, ओसरी होती, अम्मीच्या चेहऱ्यावर दिव्याची ऊब होती. मी अनामत परत मागितली नाही. उरलेले पैसे देऊन टाकले.

नंतरचा महिनाभर मी सराव केला. कोपर खांबाला टेकवायचे. श्वास अर्धा सोडून थांबायचे. माणूस बोलता बोलता क्षणभर थांबतो, त्या क्षणी बटण दाबायचे. अब्बांनी चौकात आणखी दोन शंभर वॉटचे दिवे लावले, तेही पांढऱ्या भिंतीच्या जवळ, म्हणजे उजेड भिंतीवर आपटून सगळीकडे पसरेल. नारिंगी दिवा विझला.

मेहंदीच्या रात्री दादी बाजेवर बसली होती. मी कॅमेरा हाती घेतलेला पाहून तिने सवयीने डोळे मिटले आणि ती वाट पाहत राहिली. वीज काही चमकली नाही. थोड्या वेळाने ती मला विसरली. फूफी तिच्याशेजारी येऊन बसली आणि तिने रंगलेला तळहात पुढे केला. दादी वाकून तो पाहू लागली. दोन प्रतिमा एक झाल्या. या कॅमेऱ्याची झडप अगदी हळू वाजते. मला स्वतःलाही ती ढोलकच्या आवाजात ऐकू आली नाही.

त्या रोलमधले नऊ फोटो चांगले निघाले. त्यांतल्या एकात दादी आहे. जाड भिंगांमागे तिचे डोळे खूप मोठे दिसतात. फूफीचा हात किंचित हललेला आहे. दादीने तो फोटो दिव्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, “माझी अम्मी अशीच बघायची. तिचा एकही फोटो नव्हता.” दादी १९९८ साली गेली. तिच्या उशाखालच्या कापडी पिशवीत तो फोटो सापडला.

पुढे मी शिक्षिका झाले. वर्गात मी मुलांना एक गोष्ट हमखास सांगते. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम या शास्त्रज्ञाने अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोग केले. ‘कॅमेरा’ या लॅटिन शब्दाचा अर्थही खोलीच. आणि उर्दूतला ‘कमरा’ हा शब्द त्याच घराण्यातला. तो पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. हे ऐकून मुले वर्गाच्या खोलीकडे जरा निराळ्या नजरेने पाहतात.

अलीकडे आपाची मुलगी माझ्याकडे आली. “खाला, मला छोटा कॅमेरा घ्यायचा आहे. घरच्या कार्यक्रमांसाठी. मोबाईलवर रात्री मुलं हलली की फोटो पुसल्यासारखे येतात.” तिचे म्हणणे खरे होते. मोबाईल रात्री अनेक फोटो झटपट घेतो आणि ते एकत्र करतो. स्थिर वस्तूला ते छान जमते, धावत्या पोरांना नाही. तिने मेगापिक्सेल आणि झूम यांचा तक्ता करून आणला होता. मी तिला भिंगाच्या कडेवरचा आकडा वाचायला लावला. सोनीच्या २०१२ सालच्या आरएक्स-१०० या छोट्या कॅमेऱ्यावर १.८-४.९ असे दोन आकडे असतात. पहिला झूम न करता, दुसरा पूर्ण झूम केल्यावर. तिने गणित केले: झूम केले की प्रकाश सातपटीहून कमी. “म्हणजे झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जावं,” ती स्वतःशीच म्हणाली. आता फिल्मच्या जागी सेन्सर असतो. या कॅमेऱ्याचा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत तो बहुधा ६.२ बाय ४.६ असतो. दोन्हींचे क्षेत्रफळ तिने काढले, तर चौपट फरक निघाला.

नवा घ्यायला पैसे पुरत नव्हते. तिने वापरलेला घेतला, पण आधी एका संध्याकाळसाठी मागून आणला. आमच्या घरात सगळ्यांना बसवून तिने चाळीस फोटो काढले. त्यांतले बावीस हललेले निघाले. ती हिरमुसली.

“कोपर खांबाला टेकव,” मी म्हणाले.

“खाला, खांब कुठे आहे?”

जुने घर पाडून तिथे इमारत उभी राहिली, हे बोलण्याच्या भरात मी विसरलेच होते. मग मी तिला दाराची चौकट दाखवली.