मचाणावरची बैठक

चाळिशी उलटल्यावर बुद्धपौर्णिमेच्या प्रगणनेसाठी दाजीपूरच्या मचाणावर बसलो, तेव्हा प्रथम जाणवली ती स्वतःची कंबर. हे एकेकाळचे करवीर संस्थानचे शिकारीचे रान. १९५८ पासून अभयारण्य. कळंब्याहून निघताना थोरल्या चुलत्यांनी घोंगड्याची घडी पुढे केली होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यापूर्वी ते डुकरासाठी रात्र रात्र झाडावर बसत. "बुडाखाली घे. पाय लोंबतं सोडू नगंस, मुंग्या येत्यात." घोंगडे मी गाडीतच ठेवले, प्राध्यापकी ताठा, दुसरे काय!

मध्यरात्री गवा पाणवठ्यावर आला. त्याच क्षणी बधिर पाय हलवावा लागला, फळी करकरली. तो पाणी न पिताच फिरला. नोंदवहीत 'एक गवा' लिहिले. कारण लिहिले नाही.

घरी परतल्यावर आबांनी गव्याविषयी विचारलेच नाही. घोंगड्याची घडी तशीच पाहून म्हणाले, "मोडली न्हाईस व्हय?"