उष्टं पाणी

१९७२ च्या दुष्काळात शाळेत सुकडी मिळायची. खाऊन झालं की पोरं कुठंही हात धुवायची. गुरुजींनी ते बंद केलं. कडुलिंबाच्या सात रोपांना आळी करून घेतली. "हात धुवायचे ते आपापल्या आळ्यातच," म्हणाले. पर्यावरण हा शब्द काही त्यांनी उच्चारला नाही.

आईला हे पटेना. "माणसांना प्यायला नाही, अन् तुझे गुरुजी झाडं जगवाया निघाले!" दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून, वर दोन कोसांवरनं घागर आणणारी बाई ती, तिचंही खोटं नव्हतं.

चार रोपं जळाली. माझं तग धरून होतं. मग सुट्टी लागली, सुकडी थांबली. एका सांजेला आईनं भांडी विसळलेलं पाणी तांब्यात काढून ठेवलं.

"ने," एवढंच म्हणाली.